आधी तिकडे तोंड करा

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये, एका कापडाच्या दुकानाच्या वर, मी काही वर्षं पगार घेऊन गुदमरत होते. भाजत होते, खोकत होते, जिन्यात अडकत होते. समोरचा माणूस फारच ढ निघाला तर महिन्यातून एखाद-दोनदा मरतही होते. संध्याकाळी डबा धुऊन शेअर रिक्षाने अंबरनाथला घरी यायचं. शिवमंदिराच्या अलीकडे आमची खोली. शेजारणी विचारायच्या, "काय काम करतेस गं?" मी सांगायचे, "कॉम्प्युटरवर आहे." खोटं नव्हतं.

सातवीतून शाळा सुटलेली बाई कॉम्प्युटरवर काय करत होती ते लिहून द्या, असं या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी मूळची पुसदकडची. लग्न होऊन इकडे आले. तोंड उघडलं की लोक हसायचे, म्हणून कमी बोलायची सवय लागली. पण लिहिते. कारण त्या कामाबद्दल नंतर ज्यांनी भाषणं केली, त्यांच्या भाषणांत मशीन होतं, हेल्मेट होतं, साहेब होते. प्लायवूडमागची बाई कुणाच्या भाषणात आली नाही.

आधी काम समजावून सांगते. केमिकलच्या कारखान्यात गळती झाली, आग लागली, तर धावून जायला कामगारांचंच एक पथक असतं. पथकाला सराव लागतो. तो सराव आमच्याकडे कसा चालायचा? सायरन कधी वाजणार हे आदल्या दिवशी चहावाल्यालाही माहीत. जखमी कोण होणार हेही ठरलेलं. बहुतेक ऑफिसातला शिपाई, कारण तो उचलायला हलका. कपडे मळू नयेत म्हणून तो खाली वर्तमानपत्र अंथरायचा आणि त्यावर बेशुद्ध पडायचा. स्ट्रेचर आलं की आपणच उठून नीट त्यावर झोपायचा. मग फोटो, मग वडापाव.

मनोज सरांना हे बघून वीट आला होता. ते खालच्या दुकानदारांचे धाकटे चिरंजीव, इंजिनियर. वडिलांकडून कापडाचे थान ठेवायची वरची खोली मागून घेतली आणि तिथे दोन कॉम्प्युटर, लोडशेडिंगसाठी इन्व्हर्टर आणि एक परदेशी हेल्मेट आणून ठेवलं. हेल्मेट डोळ्यांवर चढवलं की समोर अख्खा कारखाना उभा. टाक्या, पाइप, लोखंडी जिने, पिवळा धूर. मान वळवली की कारखानाही वळायचा. हेल्मेटचा पट्टा तुटला तेव्हा मागच्या गल्लीत जीन्सच्या कापडाचा शिवून घेतला. तो मूळच्यापेक्षा जास्त टिकला.

त्या कारखान्यात कॉम्प्युटरने केलेली माणसंही होती. दिसायला बरी होती, वागायला मात्र त्या वर्तमानपत्रावरच्या शिपायासारखी. "इकडे या" म्हटलं की यायची, "बसा" म्हटलं की बसायची.

"ताई, सांगितल्याबरोबर ऐकणारा माणूस मी उल्हासनगरमध्ये आजपर्यंत बघितला नाही," मनोज सर म्हणायचे. म्हणून त्यांनी ठरवलं की या बाहुल्यांच्या मागे जिवंत माणूस बसवायचा, प्लायवूडच्या पार्टिशनआड. हेल्मेटवाला बोलेल ते त्या माणसाने ऐकायचं, आणि बाहुलीच्या तोंडून त्याला उत्तर द्यायचं.

मी तिथे पोचले ती दुकानात कापड दाखवायचं काम मागायला. शेटजींनी मला वरून खाली बघितलं आणि म्हणाले, "ऊपर जा. मनोजला बाई पाहिजे, ओरडायला."

वर माझ्याआधी कॉलेजच्या दोन मुली ओरडून गेल्या होत्या. बक्षीस मिळेल अशा ओरडल्या म्हणे. माझ्या हातात माइक दिला. "समजा आत धूर कोंडलाय. ओरडा." नवी जागा, परके पुरुष, माझा आवाजच बसला. घशातून नुसती घरघर आली, मग तीही थांबली. मी रडकुंडीला आले. तेवढ्यात हेल्मेट घातलेला मुलगा गर्रकन वळला आणि म्हणाला, "कोण आहे? कुठेय ती?"

नोकरी तिथेच लागली. जी भीती मी जन्मभर पदराखाली लपवत आले, तिचाच मला पगार सुरू झाला.

मला इंग्रजी अक्षरं येत नव्हती. कोणती कळ दाबली की बाहुली काय करते हे लक्षात राहावं म्हणून मी कळांवर टिकल्या चिकटवल्या. लाल टिकली खोकायची, हिरवी खाली बसायची, चंदेरी हात झिडकारायची. प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा आधी हसला, मग त्यानेच मला बाजारातून टिकल्यांचं नवं पाकीट आणून दिलं. त्याच्या यादीत माझ्या बाहुलीचं नाव होतं "फीमेल टू". मी तिला इंदूबाई म्हणायला लागले. ठेकेदाराकडची पॅकिंगची बाई, साडीवर पुरुषी शर्ट चढवलेली. कारखान्यात आम्ही सगळ्या तशाच जायचो.

लोक काय काय करायचे! एक सुपरवायझर हेल्मेटातल्या स्टुलावर बसायला गेले आणि खऱ्या फरशीवर धपकन बसले. उठता उठता म्हणाले, "फर्निचर कमजोर आहे." एकाने मला "ए बाई, चल हट, ऊठ" अशी सुरुवात केली. मी हिरवी टिकली दाबली आणि इंदूबाई आणखी घट्ट बसली. तो शिव्या देऊन दमला, मग म्हणाला, "मावशी, चला ना, मला पण घरी जायचंय." या वाक्याला मी उठले. अग्निशमन दलातला एक तरुण तर माझा खोकला ऐकून हेल्मेट काढून थेट पार्टिशनच्या मागे आला. "ताई, पाणी देऊ?" मी म्हटलं, "अहो, हे खोटं आहे." तो म्हणाला, "माहितीये. पण घ्या." मी घेतलं. त्याला नापास करावं लागलं, कारण तेवढ्यात आत टाकी फुटली होती.

आता कुंदाचं सांगते. नाव बदललंय, तिनेच सांगितलं तसं.

इंदूबाई व्हायच्या आधी मी आणि कुंदा अंबरनाथला एका कारखान्यात ठेकेदाराकडे पॅकिंगला होतो. एक दिवस ड्रमचं झाकण उडालं आणि कमरेपासून खाली कुंदाच्या अंगावर ॲसिड आलं. अशा वेळी काय करायचं हे भिंतीवर रंगवलेलं असतं. कपडे ताबडतोब काढा, पाण्याखाली उभे राहा. शॉवर होता, पाणीही होतं. पण शॉवर कुठे? माल उतरवायच्या ओट्याशेजारी, उघड्यावर. ड्रायव्हर, क्लीनर, हमाल, फिटर, सगळे गोल करून उभे आणि सगळे मिळून ओरडतायत, "साडी काढ, साडी काढ!" कुंदाने दोन्ही हातांनी निऱ्या धरल्या आणि ती तशीच उभी राहिली. वरून पाणी पडत होतं आणि भिजलेली साडी मांड्यांना चिकटून जाळत होती. मी दुसऱ्या शेडमध्ये होते. पोचले तेव्हा तिला गाडीत घालत होते.

जीव वाचला. पाय मात्र पूर्वीसारखा वाकत नाही.

त्यानंतर कारखान्यात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं. "बाईने ऐकलं नाही, काय करणार." साहेबांपासून वॉचमनपर्यंत. मी कधी न बोलणारी, ठेकेदाराला म्हटलं, "तिथे पडदा लावा." तो म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस." एवढंच. मग मी कापडाचं दुकान गाठलं.

तर हे सगळं मी इंदूबाईत घातलं. मनोज सरांना सांगितलं, त्यांनी शॉवरचा प्रसंग बनवून दिला. इंदूबाईच्या अंगावर ॲसिड येतं आणि ती शॉवरखाली जाते. माझ्याकडे एक कळ, त्यावर काळी टिकली. ती दाबली की साडी जाऊन अंगावर चादर येते. मधलं काही दिसत नाही. ती कळ कधी दाबायची हे फक्त मी ठरवायचं.

आणि मी दाबत नव्हते.

पुरुषांनी काय काय करून पाहिलं! हुकूम सोडले. विनवण्या केल्या. एकजण म्हणाला, "मी तुझ्या भावासारखा आहे." मी म्हटलं, "भावासमोर सोडतात का?" एकाने विचारलं, "तुझ्या मिस्टरांना फोन लावू?" एकाने रागाने हेल्मेट काढून ठेवलं, "ही बाई मरायच्याच लायकीची आहे." मी माइकवर म्हटलं, "मग मरते." आणि मेले. तो पुढच्या आठवड्यात पुन्हा आला, पेढे घेऊन. तरी मी ऐकलं नाही, पण पेढा खाल्ला.

कुंदा एकदा बदलापूरहून हे बघायला आली. हेल्मेटवाल्याला दिसतं तेच दाखवणाऱ्या मोठ्या पडद्यासमोर बसून तिने पथकातल्या एका माणसाचा सगळा प्रयत्न बघितला. तो माणूस बराच वेळ इंदूबाईची समजूत घालत होता. तो गेल्यावर कुंदा म्हणाली, "एवढा वेळ मला कुणी विचारलंच नव्हतं."

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे बदलापूरकडचा एक कारखाना. त्यांचे सेफ्टीचे साहेब वाईट माणूस नव्हते. घाबरट होते, आणि ते मला ओळखू येतं, कारण मीही तशीच. वरून मोठी तपासणी येणार होती आणि त्याआधी त्यांना सगळं पथक पास झालेलं कागदावर हवं होतं. पथक तर शॉवरपाशी येऊन अडत होतं. एक दिवस ते जिना चढून वर आले.

"तुमची ती बाई फार ताणते, मनोज. पहिल्या सांगण्यात साडी काढायला लावा तिला. ट्रेनिंग आहे, तमाशा नाही."

पार्टिशन प्लायचं. मी मागेच होते. "तमाशा" हा शब्द मला स्पष्ट ऐकू आला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मनोज सर माझ्याजवळ येऊन बसले. "ताई, देख, थोडं समजून घे ना. हा क्लायंट गेला तर पप्पा ही खोली परत घेणार. उद्या पहिल्या सांगण्यात कळ दाब."

या माणसाने मला काम दिलं होतं. मला मलेरिया झाला तेव्हा याच्या आईने आठवडाभर डबा पाठवला होता. परक्या गावात एवढं कोण करतं? मी म्हटलं, "सर, नाही जमणार."

"मी तुझ्यासाठी काय कमी केलं?"

"काहीच कमी नाही केलं. म्हणून तर आधी सांगते. उद्या माझ्या जागी दुसऱ्या कुणाला बसवा. कळ कुणीही दाबेल. मी बसले तर मी नाही दाबणार, आणि माझा आवाजही त्यात वापरायचा नाही."

ते उठून गेले.

पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे वाचताना कुणाला वाटायला नको की सगळं गोड झालं. त्या कारखान्याचं काम गेलं. साहेबांनी पथकाला नापास लिहिलं, आणि कारण लिहिलं की महत्त्वाची पायरी प्रत्यक्ष पाहता आली नाही. वर्षभराच्या आत हेल्मेट विकलं गेलं आणि खोलीत पुन्हा थान आले. मनोज सर बाहेरगावी नोकरीला लागले. दिवाळीला अजून फोन करतात, पण त्यांचं स्वप्न मोडलं त्यात माझाही हात होता, हे मला टोचतं. मी आता वांगणीला एका बालवाडीत आहे. बदलापूरकडच्या त्या कारखान्यात शॉवरभोवती पडदा लागला. कंपनीने नाही, पथकाने लावला. आमच्या बुद्धविहारातल्या दोघीजणी तिथे कामाला जातात, त्यांनीच सांगितलं. अजूनही एखाद्या सभेत कुणी म्हणालं की बायका घाबरतात, ऐकत नाहीत, तर मी उठून उभी राहते. विचारते, काय ऐकायचं होतं तिने? कुणाचं? कुणासमोर?

तर तो दिवस.

सकाळी मी गेले तर माझी खुर्ची रिकामी होती. मी बसले. मला कुणी ऊठ म्हटलं नाही. साहेब मोठ्या पडद्यासमोर खुर्ची टाकून बसले होते, बरोबर त्यांचे दोन इंजिनियर. पथकातली बाकीची मंडळी जिन्यात. पहिला नंबर पथकप्रमुख म्हात्रे यांचा. कुळगावचे, जुन्या शेतकरी घरातले, आता त्यांच्या शेतावर इमारती. अंगाने आडवे, आवाज असा की सायरनची गरज नाही. याआधी दोनदा ते इंदूबाईपाशी नापास झाले होते.

हेल्मेट चढलं. गळती झाली. म्हात्र्यांनी झडप बंद केली, माणसं बाहेर काढली, सगळं चोख. मग शॉवर.

"बाय, साडी काढ. ॲसिड हाय तिच्यावर."

"नाही."

"अगो, भाजशील!"

"भाजू द्या. इथे माणसं उभी आहेत."

म्हात्र्यांनी मान वळवली. शॉवरपाशी कॉम्प्युटरचे दोन पुरुष उभे होते. "ए, तुमी दोघं! व्हा तिकडं! काय शिणेमा हाय काय?" दुसऱ्या कॉम्प्युटरवरच्या मुलाने त्या दोघांना घालवलं.

"गेले बघ. आता काढ."

मी चंदेरी टिकली दाबली. इंदूबाईने हात झिडकारला.

साहेबांची खुर्ची करकरली. पार्टिशनवर टकटक झाली, अगदी माझ्या कानाशी. "ओ बाई, पुरे झालं. सोडा आता. मी बघतोय इथे."

माझा हात माइकवर होता. मी काही ठरवलेलं नव्हतं. भीती वाटली की माझ्या तोंडात पुसद येतं, ते आलं. "हे कोण पाहून राह्यलं? त्याईले जाऊ द्या पहिले. मले नाही सोडायचं. आधी तिकडे तोंड करा!"

हेल्मेट घातलेले म्हात्रे म्हणाले, "साहेब, तुमी हाव काय इथं?"

"अरे, इथेच आहे. तू पुढचं कर."

"मंग तुमी बाहेर जावा."

"काय?"

"तुमी बघताव म्हणून ती सोडीत नाय. सांगतंय ना ती. जावा."

"म्हात्रे, ते कॉम्प्युटर आहे."

"हेल्मेट माझ्या डोक्यावर हाय, साहेब. मना इथं बाय दिसतंय."

मला वाटलं, आता प्लायवर लाथ बसते. तेवढ्यात बटण दाबल्याचा आवाज आला. मनोज सरांनी मोठा पडदा बंद केला होता. "सर," ते म्हणाले, "चला, खाली चहा घेऊ." दुसऱ्या कॉम्प्युटरवरचा मुलगाही न सांगता उठला. पायांचे आवाज जिन्याकडे गेले. दार लागलं.

खोलीत राहिलो म्हात्रे आणि मी, मध्ये प्लाय. माझ्या छोट्या पडद्यावर त्यांना दिसत होतं तेच मला दिसत होतं. शॉवर, इंदूबाई, तिच्या पायाशी पिवळं पाणी. मग म्हात्र्यांनी आतली ताडपत्री उचलली आणि ते चित्र हळूहळू फिरलं. शॉवर गेला, टाक्या गेल्या आणि समोर नुसती भिंत आली. फटीतून बघितलं तर म्हात्रे पाठमोरे, दोन्ही हात बाजूला ताणून, मुठी आवळलेल्या.

"बाय, मी भिंतीकडं तोंड केलाय. ताडपत्री धरलीय दोन्ही बाजूंनी. कोण येत नाय. आता तुझं तू बघ."

मी काळ्या टिकलीवर बोट ठेवलं आणि दाबलं.

पडद्यावर काहीच झालं नाही. भिंतच होती. फक्त पाण्याचा आवाज मोठा झाला.

थोड्या वेळाने दारावर थाप पडली. "झालं का?" साहेबांचा आवाज.

"नाय झालं!" म्हात्रे भिंतीकडे बघतच ओरडले. "पाव तास पानी चालू ठेवायचा अस्तो. तुमीच शिकवलंय!"

जिन्यात पथकातलं कुणीतरी फिसकन हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं.

म्हात्रे तसेच उभे होते. खऱ्या हातात काही नव्हतं, तरी हात खाली यायला लागले होते. खांदे उतरत होते.

"बाय," ते हळू आवाजात म्हणाले, "गार लागतं काय?"

याचं उत्तर मला कुणी शिकवलं नव्हतं. मी माइक जवळ घेतला.

"लागते. पण चालू राहू द्या."

"बरं," म्हात्रे म्हणाले, आणि त्यांनी हात पुन्हा वर उचलून धरले.